कझानचा हिवाळा, मुर्मान्स्कची रेल्वे आणि लातूरच्या काकूंचा प्रश्न

काकू, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सप्टेंबरात रशियातल्या कझानला एमबीबीएसला गेला, पहिलाच हिवाळा आहे, जानेवारीची परीक्षा झाली की मित्रांसोबत रेल्वेनं पार उत्तरेच्या मुर्मान्स्कला नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातला तो रंगीत उजेड, बघायला जायचं म्हणतोय. आणि तुम्ही विचारताय की लातूरला पारा बारावर आला तर आपण शेकोटी पेटवतो, मग उणे पंचवीसमधे लेकरू राहील कसं, इथून काय काय पाठवू, आणि त्याला जाऊ देऊ का नको.

मी परभणीची. २०१४ च्या सप्टेंबरात कझानला शिकायला आले, शिकून इथंच डॉक्टर म्हणून कामाला लागले, हा माझा बारावा हिवाळा. दरवर्षी आपल्याकडची नवीन पोरंपोरी येतात, त्यांना पहिल्या थंडीचे कपडे घ्यायला मीच बाजारात घेऊन जाते, त्यामुळं जे सांगतेय ते सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आधी तो उणे पंचवीसचा आकडा जरा बाजूला ठेवा. कझानला जानेवारीची सरासरी उणे दहा-अकराच्या आसपास असते, उणे पंचवीस-तीस मधेमधे काही दिवस येतं आणि जातं. इतक्या वर्षांत आपली जी पोरं आजारी पडलेली किंवा लागलेली बघितली ती नुसत्या थंडीनं फार कमी, बहुतेक अंगातल्या घामानं, ओल्या पायांनी, निसरड्या रस्त्यानं नाहीतर अंधारानं. कोरडा माणूस उणे वीसमधे मजेत चालतो आणि ओला माणूस शून्याला पण कुडकुडतो, हे त्याच्या डोक्यात एकदा बसलं की निम्मी काळजी मिटली समजा.

घामाचं सांगते कारण हे आपल्याकडच्या माणसाला पटतच नाही. माझा पहिला डिसेंबर, बाहेर उणे बावीस, मी दोन बनियन, त्यावर थर्मल, त्यावर आईनं विणलेला स्वेटर, अजून एक स्वेटर आणि वरून जॅकेट असं सगळं घालून बसमधे उभी राहिले. बसमधे हीटर, गर्दी, वीस मिनिटांत पाठीवरून घाम ओघळायला लागला पण लाजेखातर मी चेन सुद्धा उघडली नाही. खाली उतरले, दुसऱ्या बसची दहा मिनिटं वाट बघितली, आणि आतलं सुती बनियन पाठीला असं गार पडलं जसं कुणी ओला लोखंडी पत्रा लावलाय. हुडहुडी भरली ती हॉस्टेलवर येऊन दोन तास जाईना. तेव्हापासून नियम एकच, दारातून आत पाऊल टाकलं की टोपी हातात, मफलर सैल, जॅकेटची चेन पूर्ण उघडी, मग ती बस असो मेट्रो असो नाहीतर किराणा दुकान. इथली माणसं बघा, सगळी हेच करतात.

म्हणून सुती बनियन आतून नको, सुती कापड घाम धरून ठेवतं. अंगाला लागून पातळ थर्मल, त्यावर फ्लीस नाहीतर लोकरी स्वेटर, आणि वरून गुडघ्यापर्यंत येणारं पिसांचं जॅकेट, त्याला इथं पुखोविक म्हणतात. बास, तीनच थर. उणे पंचवीसला थर्मलची पँट आणि अजून एक मधला थर वाढवायचा. जॅकेट आणि बूट भारतातून घेऊ नका हो, मनालीसाठी म्हणून आपल्याकडे जे जॅकेट मिळतं ते कमरेपर्यंतच असतं आणि इथं मांड्या गारठतात. बुटांचं तर अजून वाईट, आपल्याकडच्या ट्रेकिंगच्या बुटांचे तळ थंडीत दगडासारखे कडक होतात आणि बर्फावर काचेसारखे घसरतात. इथं घ्यायचे, एक नंबर मोठे, आत लोकरी मोजा घालून पायाची बोटं हलली पाहिजेत. बोटं हलत नसतील तर रक्त फिरत नाही आणि मग तीन मोजे घातले तरी पाय गारच.

तुम्ही काय पाठवायचं ते सांगते. माकडटोपी पाठवा, तो लाजून ती नुसती घालणार नाही पण जॅकेटच्या टोपीखाली ती बरोबर बसते आणि गाल, हनुवटी झाकते. विणलेले लोकरीचे मोजे पाठवा. आणि मोठी सुई नि जाड दोरा पाठवा. का ते ऐका. इथं कॉलेज, दवाखाना, थिएटर कुठंही जॅकेट घालून आत जाता येत नाही, दाराशी गार्देरोब असतो, तिथल्या आजीबाईंकडे जॅकेट द्यायचं आणि नंबरचा बिल्ला घ्यायचा. त्या जॅकेट खुंटीला अडकवतात ते मानेमागच्या छोट्या पट्टीनं. ही पट्टी रोजच्या ओढाताणीनं महिनाभरात तुटते, आणि पट्टी नसलेलं जॅकेट दिलं की आजीबाई सगळ्या रांगेसमोर रागावतात, कधीकधी घेतच नाहीत. मी पहिल्या दिवशीच नवीन पोरांची ती पट्टी जाड दोऱ्यानं दुहेरी शिवून देते. तुम्ही त्याला घरी असताना सुई धरायला शिकवलं असेल तर फार बरं झालं.

घरातल्या थंडीची काळजी मुळीच करू नका. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस आठ डिग्रीच्या खाली राहिलं की शहराची हीटिंग सुरू होते, ती थेट एप्रिल-मे पर्यंत. खिडकीखाली लोखंडी बातारेया असतात, त्यातून गरम पाणी फिरतं, खोलीत पोरं टीशर्ट-बर्म्युड्यावर बसलेली असतात. उलट त्रास होतो तो कोरड्या हवेचा, सकाळी नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात, तळपायाला भेगा पडतात, आणि पोरं घाबरून मला फोन करतात. रात्री ओला टॉवेल बातारेयावर टाकायचा, पाणी भरपूर प्यायचं, नाकात आतून थोडं व्हॅसलिन लावायचं. खिडकीला वर एक छोटं झडपेसारखं दार असतं, फोर्तोच्का म्हणतात, दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं ती उघडायची नाहीतर चौघांच्या खोलीत डोकं जड होतं आणि एकाची सर्दी चौघांना. बूट मात्र बातारेयावर वाळवायचे नाहीत, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्र कोंबून बाजूला ठेवायचे आणि रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग ओल्या फडक्यानं रोज रात्री पुसायचे.

आता घसरण्याचं. दोन दिवस पारा शून्याच्या वर जातो, बर्फ वितळतो, रात्री परत गोठतो आणि सकाळी फुटपाथवर काच अंथरल्यासारखं होतं, त्याला इथं गोलोल्योद म्हणतात. २०१७ च्या फेब्रुवारीत बसस्टॉपवर मी अशीच पडले, हात खिशात होते, ते बाहेर काढून टेकवेपर्यंत उजवं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर, डाव्या हातानं लिहीत होते. म्हणून हात खिशात घालून चालायचं नाही, हातमोजे त्यासाठीच असतात. छोटी पावलं, पूर्ण तळवा टेकवत, गुडघे थोडे सैल, आणि सामान पाठीवरच्या सॅकमधे. फुटपाथवर लाल-पांढरी पट्टी बांधलेली दिसली तर वळसा घालून जायचं, वर छपरावरून बर्फ पाडत असतात, किंवा माणसाच्या उंचीचे बर्फाचे सुळे लटकत असतात आणि ते पडून माणसं मरतात. हे मार्चमधे जास्त. मार्चमधेच नदीचा बर्फ पण दगा देतो, कझान्का गोठली की लोक तिच्यावरून आडवे चालत जातात, मासे धरणारे भोक पाडून बसलेले असतात, पण त्यांना बर्फ कळतो, आपल्या पोरांना नाही. नदीवर जायचंच नाही असं त्याला सांगा.

लागलं-पडलं तर ॲम्ब्युलन्सला १०३, कुठल्याही संकटात ११२, तातडीची मदत परदेशी माणसाला पण फुकट मिळते. बाकीच्यासाठी मेडिकल इन्शुरन्सची पॉलिसी लागते, तिचा फोटो फोनमधे आणि एक झेरॉक्स सॅकमधे कायम.

अंधाराबद्दल कुणी आधी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगते. कझान मॉस्कोच्या वेळेवर चालतं पण मॉस्कोच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळं डिसेंबरच्या शेवटी सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या आत मावळतो. पोरगा अंधारात कॉलेजला जातो, अंधारात परत येतो, मधले सात तास वर्गात. दोन-तीन आठवड्यांत चिडचिड सुरू होते, रात्री झोप नाही, दिवसा झोपच झोप, जेवण टाळायचं, फोन उचलायचा नाही. आई म्हणते अभ्यासाचं टेन्शन असेल. टेन्शन असतंच, पण उजेड न मिळाल्यानं पण हे होतं आणि ते खरं दुखणं आहे, आळस नाही. दुपारच्या सुट्टीत रोज अर्धा तास बाहेर चालायला लावा, ढग असले तरी. फोन करताना व्हिडिओ कॉल करा आणि त्याचा चेहरा बघा, खोलीत दिवा लागलाय का, दाढी केलीय का. आठवडाभर तो एकाच टीशर्टमधे अंथरुणातूनच बोलत असेल तर त्याच्या सीनियरला खोलीवर पाठवा आणि डॉक्टरला दाखवा, वाट बघू नका. व्हिटॅमिन डी इथं सगळेच घेतात, पण रक्त तपासून रोजचा छोटा डोस. आपल्याकडचं ते साठ हजार युनिटचं पाकीट मनानं दर आठवड्याला खात राहायचं नाही.

खाण्याचं फार लांबवत नाही, तो उपाशी राहणार नाही. डाळ-तांदूळ मिळतात, कोबी, बटाटा, गाजर, बीट, लाल भोपळा हिवाळाभर असतो, ग्रेच्का म्हणून एक धान्य मिळतं त्याची आपल्या फोडणीनं खिचडी छान होते, पनीरच्या जागी त्वोरोग. मेतकूट, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी पाठवा. संक्रांत परीक्षेतच येते, तेव्हा तिळाच्या वड्या जरूर पाठवा, या थंडीत तीळ-गूळ का खायचा ते इथं आल्यावर जिभेलाच कळतं.

आता मुर्मान्स्क. माझं मत विचाराल तर जाऊ द्या, फक्त नीट तयारीनं आणि रेल्वेनं. तुम्हाला वाटत असेल की उत्तर ध्रुवाजवळ म्हणजे कझानपेक्षा कितीतरी जास्त थंडी, पण तसं नाही. अटलांटिकमधून येणाऱ्या कोमट प्रवाहामुळं तिथलं बंदर हिवाळ्यात गोठत नाही आणि जानेवारीची सरासरी कझानइतकीच, उणे दहाच्या आसपास. त्रास देतं ते वारं आणि दमटपणा, त्यासाठी जॅकेट वारा अडवणारं पाहिजे. डिसेंबरच्या सुरुवातीपासून साधारण ११ जानेवारीपर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही, ही पोरं परीक्षेनंतर जानेवारीच्या शेवटी जातील तेव्हा तीन-चार तासांचा उजेड असेल, तेवढ्यात शहर बघून होतं. लेनिन नावाचं जगातलं पहिलं अणुशक्तीवर चालणारं बर्फ फोडणारं जहाज तिथं बंदरात उभं आहे, १९५९ मधे ते कामाला लागलं होतं, आता म्युझियम आहे, ते बघायला सांगा.

रस्ता असा. कझानहून मॉस्को एका रात्रीचा प्रवास, साधारण बारा तास. बहुतेक गाड्या मॉस्कोत कझान्स्की स्टेशनला येतात आणि मुर्मान्स्कची गाडी लेनिनग्राद्स्कीवरून सुटते, ही दोन्ही स्टेशनं एकाच चौकात समोरासमोर आहेत, भुयारी रस्त्यानं दहा मिनिटांत पोचतात, टॅक्सीवाल्याच्या नादी लागायचं नाही. पुढं दीड दिवस. तिकीट घेताना गाडी कुठल्या स्टेशनवरून सुटते आणि कुठल्या स्टेशनला पोचते ते नाव नीट वाचायला सांगा. तिकीट पासपोर्टच्या नावावर असतं, स्पेलिंग चुकलं तर डब्याच्या दारातल्या बाई चढू देत नाहीत.

प्लात्सकार्त म्हणजे आपला स्लीपर समजा, चोपन्न बर्थचा उघडा डबा, स्वस्त आणि माझ्या मते एकट्या पोरांसाठी कुपेच्या बंद खोलीपेक्षा बरा, सगळ्यांची नजर असते, शेजारची आजी हमखास काहीतरी खायला देते. डब्याच्या टोकाला गरम पाण्याची मोठी टाकी असते, तितान म्हणतात, चोवीस तास उकळतं पाणी फुकट, त्यामुळं मॅगी, सूप, चहा सगळं होतं. डबा चांगला गरम असतो, बऱ्याच डब्यांत अजून कोळशाची भट्टी पेटवतात, प्लॅटफॉर्मवर उतरलं की तो कोळशाचा वास येतो आणि मला अजून आमच्या लहानपणच्या पाणी तापवायच्या बंबाची आठवण होते. मोठ्या स्टेशनवर त्या डबेवाल्या बाई, प्रोवोद्नित्सा, हातात लोखंडी पहार घेऊन चाकांजवळचा साठलेला बर्फ फोडत असतात, पन्नाशीच्या बाई उणे पंचवीसमधे ठाक ठाक करत डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. पोरांना सांगा, त्यांच्याशी अदबीनं बोला, सगळा प्रवास त्यांच्या हातात असतो. आणि दोन मिनिटं का होईना खाली उतरायचं तर पूर्ण जॅकेट, टोपी, बूट घालून आणि पासपोर्ट-फोन खिशात ठेवून, चपलेवर नाही. गाडी कुठं किती मिनिटं थांबते त्याचा कागद डब्यात लावलेला असतो.

विमान स्वस्त मिळालं तरी सध्या माझी पसंती रेल्वेलाच. ड्रोनच्या भीतीनं इथले विमानतळ अधूनमधून अचानक बंद होतात, कझानचा पण, आणि पोरं रात्रभर अडकून पडतात. आणि शेअरच्या गाडीनं हिवाळ्यात रात्रीचा हायवे तर नकोच नको, उणे तीसला गाडी बंद पडली आणि आजूबाजूला वस्ती नसली की तो मग जिवाचा प्रश्न होतो.

नॉर्दर्न लाइट्स बघायला रात्री शहराबाहेर नेतात आणि तिथं दोन-दोन तास एका जागी उभं राहावं लागतं. चालताना जे कपडे पुरतात ते उभं राहिल्यावर पुरत नाहीत, आधी पाय जातात. टूरवाल्याला आधीच विचारायचं की वालेंकी, म्हणजे जाड नमद्याचे बूट, मिळतील का आणि बसायला गरम गाडी जवळ असेल का. फोन आतल्या खिशात, छातीजवळ, बाहेर धरला तर बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडते आणि परतीचा नकाशा त्यातच असतो. जोडीदारानं एकमेकाचं नाक आणि गाल बघत राहायचं. कातडीवर पांढरा मेणासारखा ठिपका दिसला, तिथं कळायचं बंद झालं, की लगेच गाडीत, तळहात नुसता ठेवून ऊब द्यायची, बोटं असतील तर कोमट पाण्यात, हाताला सोसेल एवढ्याच. बर्फानं चोळा असं इथले म्हातारे सांगतात, ते अजिबात करायचं नाही, कातडी फाटते. शेकोटीवर किंवा हीटरवर पण धरायचं नाही, भाजलं तरी कळत नाही. आणि दारू नाही. व्होडकानं ऊब येते असं वाटतं कारण रक्त कातडीकडे धावतं, पण आतलं शरीर त्यानं भराभर गार पडतं. इथं हिवाळ्यात बर्फात गारठून मेलेली जी माणसं आणतात त्यात प्यायलेली किती असतात ते मी बघितलंय काकू, म्हणून हे तुम्ही त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, संकोच नको.

तिथून तेरिबेर्का म्हणून समुद्राकाठचं गाव आहे, सगळ्यांना तिथं जायचं असतं, पण बर्फाचं वादळ आलं की रस्ता बंद करतात, कधी एक दिवस, कधी जास्त. म्हणून परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी तेरिबेर्का ठेवायचं नाही. आणि मुर्मान्स्कच्या शेजारचं सेवेरोमोर्स्क हे नौदलाचं बंद शहर आहे, परदेशी माणसाला तिथं प्रवेश नाही. युद्धनौका, लष्करी गाड्या, चौक्या यांचे फोटो काढायचेच नाहीत.

कागदपत्रांत चूक नको. निघायच्या आधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात लेखी कळवायचं. पासपोर्ट, व्हिसा, मायग्रेशन कार्ड आणि रजिस्ट्रेशनचा कागद मूळ प्रतीत सोबत, हॉस्टेलात झेरॉक्स. राहायचं ते हॉटेलात किंवा रीतसर होस्टेलमधे, कारण ते स्वतः रजिस्ट्रेशन करतात, खासगी फ्लॅटवाले बहुतेक टाळतात. हॉटेलनं रजिस्ट्रेशन केलं की परत आल्यावर कॉलेजात ते नव्यानं करावं लागतं, आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जायचं. आपली भारतातली कार्डं इथं २०२२ पासून चालत नाहीत, इथल्या बँकेचं मीर कार्ड आणि थोडे रुबल रोख पाहिजेत. आणि अजून एक, रशियन भाषेतल्या कुठल्याही कागदावर न वाचता सही नाही, कुणी जास्त पगाराचं काम देतो म्हणालं तरी नाही. आपल्याकडची पोरं अशा सह्या करून सैन्यात अडकली आहेत. नोव्हेंबर २०२५ पासून कझानमधे भारताचं कॉन्सुलेट सुरू झालंय, त्याचा नंबर त्याच्या आणि तुमच्या दोघांच्या फोनमधे पाहिजे.

शेवटचं तुमच्यासाठी. पेत्रोझावोद्स्क सुटलं की गाडी जंगलातून जाते, तासन्‌तास नेटवर्क नसतं. तेव्हा फोन लागला नाही म्हणून रात्रभर जागत बसू नका. त्याला सांगा, पेत्रोझावोद्स्क, केम आणि कांदालाक्शा या तीन स्टेशनांवरून तुला मेसेज करायचा, नुसतं स्टेशनचं नाव लिहिलं तरी चालेल. गाडीचं टाइमटेबल आधी मागून घ्या, कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि त्या वेळेनंतर दोन तास सोडून मगच फोन करा. तिकिटं काढली की मला कळवा, कझानहून निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या खोलीवर जाऊन बूट आणि सॅक मी स्वतः बघून येते.